समासातली ओळ



कलाविषयक पुस्तकं, संग्रह आणि पारख असा विषय या ग्रंथालयाच्या कार्यवाहांनी मला कळवला, तेव्हा मी त्यांना एकच विनंती केली. म्हटलं, विषय तुमचाच राहू द्या, उदाहरण मात्र घाटकोपरचं घेऊ या. फ्लॉरेन्स आणि व्हिएन्नाच्या संग्रहांवर बोलता येईल, थोडं बोलणारही आहे. पण जी चित्रं आपल्या आजी-पणजीच्या देवघरात होती, ज्यांच्यापुढं पिढ्यान् पिढ्या निरांजन ओवाळलं गेलं, त्यांच्या इतिहासातली काही वर्षं याच उपनगरात घडली आहेत. घाटकोपरला येऊन त्याबद्दल न बोलता जाणं मला जमलं नसतं.

राजा रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये सुरू झाला आणि १८९९ मध्ये लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याआधी तो घाटकोपरला होता. काही पुस्तकं सांगतात की तो सुरूच इथं झाला. काही सांगतात की आधी गिरगावात यंत्रं बसली आणि मग घाटकोपरला हलली. मला दुसरी हकिकत अधिक पटते. चित्रांचा धंदा करणारे व्यापारी, कागद, शाई, गोदी, सगळं तेव्हा मुंबई शहरात होतं. घाटकोपर हे ठाणे जिल्ह्यातल्या साष्टी तालुक्यातलं गाव. बोरीबंदर-ठाणे रेल्वे १८५३ पासून याच वाटेनं जात होती, एवढाच काय तो शहराशी सांधा. सुरुवातीलाच कोणी जड यंत्रं घेऊन इथं कशाला येईल? पण १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि शहर रिकामं होऊ लागलं, तेव्हा रेल्वेलगतची मोकळी जागा कोणालाही बरी वाटली असणार. हा माझा तर्क झाला. तो खरा की खोटा हे कुठल्या पुराव्यानं ठरेल, त्याबद्दलच मला आज प्रामुख्यानं सांगायचं आहे.

आधी हकिकत थोडक्यात. रविवर्मांची तैलचित्रं संस्थानिकांच्या महालांत लागत होती. दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे, ती एकट्या हातानं पुरी होणार नाही, निवडक चित्रं युरोपात पाठवून ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रासारखी दिसणारी रंगीत छापचित्रं, करून घ्या. रविवर्मांनी त्यापुढं जाऊन छापखानाच इथं आणला. व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी भागीदार झाले. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन. १८९४ मध्ये पहिलं चित्र निघालं ते शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी आली, सरस्वती आली, आणि हिंदुस्थानच्या घरांच्या भिंती बदलल्या. धंदा मात्र सुखाचा झाला नाही. भागीदारी फिसकटली, कर्ज वाढलं, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. १९०६ मध्ये रविवर्मा गेले. चित्रं छापली जात राहिली. १९७२ मध्ये मळवलीच्या छापखान्याला आग लागली आणि बहुतेक सगळं जळालं.

छापखाना जळाला, तेव्हा कागदपत्रांच्या दृष्टीनं आपल्या हाती फार थोडं उरलं. रविवर्मांचे बंधू सी. राजा राजा वर्मा यांची १८९५ ते १९०४ या काळातली रोजनिशी आहे, आणि ती छापली गेली हे आपलं भाग्य. पण छापखान्यात काय निघालं, कुठं निघालं, किती वेळा निघालं, याचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार म्हणजे खुद्द छापलेला कागद. त्या कागदावर चित्राखाली, पांढऱ्या समासात, अगदी बारीक टायपात एक ओळ असते. चित्राचं नाव, छापखान्याचं नाव, गावाचं नाव. काहींवर घाटकोपर, काहींवर कार्ला-लोणावळा, काहींवर मळवली. काहींवर विक्रेत्याचं नाव आणि मुंबईतला पत्ता. त्या ओळीवरून कागद कुठल्या काळातला ते ठरतं. दोन लक्ष्म्या शेजारी ठेवल्या तर नजरेला सारख्याच दिसतील, पण एकीच्या पायाखाली घाटकोपर लिहिलेलं असेल आणि दुसरीच्या पायाखाली मळवली, तर त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आणि हीच ओळ आपल्या घरांतल्या चित्रांवर बहुधा नसते. फ्रेम करणाऱ्यानं ती कापलेली असते. त्याचा दोष नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, देवीभोवती ती इंग्रजी अक्षरं कशाला, पांढरी पट्टी काढून टाका, फ्रेम लहान होईल, पैसेही वाचतील. फ्रेमवाला मोजपट्टी धरून सुरीनं समास उतरवायचा. किंवा पट्टी शिल्लक राहिलीच तर ती लाकडी चौकटीच्या खाचेत जायची, शंभर वर्षं कोणाच्या दृष्टीला पडायची नाही. म्हणून मी ज्यांच्या घरी चित्र पाहायला जातो त्यांना विचारतो, फ्रेम कधी उघडली होती का? बहुतेक वेळा उत्तर नाही असं येतं, आणि मला आशा वाटते.

चित्र जवळून कसं पाहायचं ते सांगतो, कारण पारख हा शब्द उच्चारला की लोकांना वाटतं ती जन्मजात देणगी असते. त्यात बराच भाग सवयीचा आणि एका चांगल्या भिंगाचा असतो. लक्ष्मीच्या गालावर भिंग धरा. लांबून जो गुलाबी, किंचित सावळा रंग दिसत होता तो फुटतो आणि ठिपके दिसू लागतात. फिकट पिवळे, गुलाबी, करडे, कुठं निळसर. हे ठिपके कोणीतरी हातानं, टाकानं, दगडावर एकेक करून टिपलेले आहेत. म्हणून त्यांचा आकार साधारण एकसारखा आणि अंतर मात्र कमीजास्त असतं. जिथं छाया हवी तिथं ते दाटीवाटीनं बसतात, जिथं उजेड हवा तिथं विरळ होतात. आता त्याच लक्ष्मीची पुढच्या काळातली ऑफसेटवर छापलेली प्रत घ्या. तिच्या गालावरचे ठिपके ओळीनं, नेमक्या कोनात उभे दिसतील. त्यांचं अंतर बदलत नाही, आकार बदलतो. ते यंत्राच्या जाळीतून आलेत. हा फरक एकदा डोळ्याला कळला की पुन्हा चुकत नाही. शाळकरी मुलाला दाखवलात तर तो तुमच्याआधी ओळखेल.

त्या ठिपक्यांमागं केवढा खटाटोप होता! प्रत्येक रंगाला वेगळा दगड. हे दगड बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतले, गुळगुळीत, चुन्याच्या जातीचे, मोठा दगड उचलायला दोन-चार माणसं लागावीत असे. त्यावर तेलकट शाईनं उलटं चित्र काढायचं, पाणी फिरवायचं, मग छपाईची शाई. पाणी शाईला धरू देत नाही, तेलकट रेघ तिला धरते. झेनेफेल्डरनं अठराव्या शतकाच्या शेवटी हे शोधलं आणि त्यावर जगभरचा शिळाछापखाना उभा राहिला. एका ओलिओग्राफला दहा-बारा दगड सहज लागत, कधी अधिक. कागद दर वेळी नेमक्या त्याच जागी बसला पाहिजे. केसभर सरकला तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरतो. असे सरकलेले नमुने सापडतात, आणि मला ते फार मोलाचे वाटतात, कारण त्यात छपाईचा क्रम उघडा पडतो. सगळे रंग चढले की वरून वॉर्निश, आणि पुष्कळदा कॅनव्हासच्या विणीचा उठाव, म्हणजे लांबून तैलचित्र वाटावं. बव्हेरियाचा दगड, जर्मन यंत्र, मल्याळी चित्रकार, गुजराती भांडवल, आणि जागा घाटकोपर. तेव्हाच्या मुंबईचं सगळं अर्थकारण या एका कागदात आहे.

काही चित्रांवर आणखी एक थर असतो. लक्ष्मीच्या शालूवर खरी जर चिकटवलेली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी, कधी खऱ्या कापडाचं पातळच नेसवलेलं. हे काम छापखान्याचं नव्हे. ते घरातल्या बाईचं किंवा विकणाऱ्याकडच्या कारागिराचं. बाजारात काही मंडळी ही जर काढून चित्र 'स्वच्छ' करून विकतात. मला तो घोर अन्याय वाटतो. रविवर्मांच्या हातचं मूळ चित्र नव्हेच ते. ती आधीच छापील प्रत आहे. तिच्यावर एखाद्या बाईनं दुपारच्या वेळी बसून जे काम केलं ते त्या प्रतीपुरतं एकमेव आहे. हजारो प्रतींमधली ती एक प्रत तिनं वेगळी केली. जरीचं काम खरवडणारा नेमकं तेच पुसून टाकतो जे दुसऱ्या कुठल्याही प्रतीवर मिळणार नाही.

आता पुस्तकांकडं येतो. युरोपात छापील चित्रांचा अभ्यास कशावर उभा आहे? आडाम बार्च नावाचा एक गृहस्थ व्हिएन्नाच्या बादशाही ग्रंथालयात छापचित्रांच्या संग्रहावर होता. त्यानं १८०३ ते १८२१ या काळात एकवीस खंड लिहिले. त्यांत कलेचं तत्त्वज्ञान शोधू नका. एकेका छापचित्राचं वर्णन आहे: माप किती, अक्षरं काय, पहिल्या छपाईत कुठली रेघ नव्हती आणि दुसरीत कुठली आली. हे वाचायला अत्यंत रूक्ष. पण आज दोनशे वर्षांनी कोणी ड्यूररसारख्या जुन्या कलावंताचं कोरीव चित्र विकत घेतो, दाखवतो किंवा अभ्यासतो, तेव्हा बार्चचा क्रमांक सांगतो. १९२१ मध्ये फ्रिट्स लुग्ट या डच संग्राहकानं आणखी एक पाऊल टाकलं. त्यानं जुन्या संग्राहकांच्या शिक्क्यांचाच कोश केला. चित्राच्या पाठीवर किंवा कोपऱ्यात बारीक ठसा असतो तो कोणाचा, हे त्यातून कळतं, आणि मग ते चित्र कोणाच्या हातातून कोणाच्या हाती गेलं तो प्रवास जोडता येतो.

याच्या उलट दुसरी परंपरा वासारीची. १५५० मध्ये त्यानं इटलीतल्या कलावंतांची चरित्रं लिहिली आणि कलेचा इतिहास म्हणजे कलावंतांचा इतिहास अशी वाट पाडली. ती वाट रसाळ आहे, म्हणून ती लोकांना आवडली. वासारीची दुसरी बाजू तेवढी ठाऊक नसते. तो रेखाटनांचा संग्राहक होता. मोठ्या वहीत रेखाटनं चिकटवून त्यांच्याभोवती चौकटी रंगवून घ्यायचा आणि हे अमक्याचं असं खाली नाव लिहायचा. चरित्रकाराला वही लागत होती. चरित्रांतली मतं त्या वहीतल्या कागदांवर तावून सुलाखून घेतलेली होती.

आपल्या मराठीनं वासारीची चरित्रं उचलली, वही मात्र मागं राहिली, असं मला वाटतं. हे मी तक्रारीच्या सुरात म्हणत नाही. मराठीत कलेवर जे लिहिलं गेलंय त्याचा मला अभिमान आहे. मा. वि. धुरंधरांचं 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे १९४० चं आत्मकथन घ्या, जे. जे. स्कूलचा आतून लिहिलेला असा वृत्तान्त दुसरा नाही. द. ग. गोडशांचं 'पोत' १९६३ मध्ये आलं आणि शिल्प, वस्त्र, वास्तू, सगळ्यांकडं एका दृष्टीनं कसं पाहायचं हे मराठी वाचकाला कळलं. प्रभाकर बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' म्हणजे चित्रकारानं चित्रापुढं उभं राहून केलेलं चिंतन. आणि सुहास बहुळकर व दीपक घारे यांनी संपादित केलेला शिल्पकार चरित्रकोशाचा दृश्यकला खंड, २०१३ चा. ते काम किती वर्षं, किती घरांचे उंबरठे झिजवून झालं असेल याची कल्पना तो हातात घेतल्यावर येते. या ग्रंथालयात तो संदर्भ विभागात आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहावा.

या सगळ्यांत माणूस सापडतो. त्याचा स्वभाव, त्याचे गुरू, त्याची उमेद, त्याची उपेक्षा. वस्तू सापडत नाही. धुरंधरांचंच उदाहरण पुढं नेतो. त्यांनी पोस्टकार्डांसाठी चित्रं काढली, ओटो रोथफेल्डच्या १९२० च्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकासाठी काढली, एडवर्ड्सच्या मुंबईवरच्या पुस्तकासाठी काढली, जाहिरातींसाठी काढली. माणूस म्हणून धुरंधर आपल्याला चांगले माहीत आहेत. पण कोणी आजोबांच्या ट्रंकेतलं त्यांचं पोस्टकार्ड घेऊन आलं आणि हे कितव्या छपाईचं, पाठीवरच्या मजकुरात फरक का, असं विचारलं, तर मराठीत उघडून दाखवावं असं पान सापडत नाही. पुण्याच्या चित्रशाळा प्रेसचंही तेच. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये ती काढली. रविवर्मा छापखान्याच्या सोळा वर्षं आधी चित्रशाळेची देवदेवतांची आणि पेशवाईतल्या पुरुषांची चित्रं मराठी घरांत लागली होती. चिपळूणकरांची 'निबंधमाला' प्रत्येकाला माहीत असते, चित्रशाळेचे कागद कोणी मोजले?

रविवर्मा छापखान्याची पहिली नीट नोंद इंग्रजीत झाली, एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टीन शेलबर्गर या दोघांनी केली. त्यांचं पुस्तक २००३ मध्ये आलं. नॉयमायर ऑस्ट्रियातले. बार्चच्या देशातला माणूस घाटकोपर-मळवलीचे कागद जुळवायला आला, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. ज्या देशात छापील कागदाची नोंद ठेवायची दोनशे वर्षांची शिस्त आहे, तिथल्या माणसाला रस्त्यावरच्या लक्ष्मीचंही मोल दिसतं.

आपल्याकडं ही शिस्त नव्हतीच असं मात्र नाही, आणि याच मुंबईत तिची उज्ज्वल उदाहरणं आहेत. कार्ल खंडालावाला पेशानं फौजदारी वकील. नानावटी खटल्यात बचावाचं काम पाहिलेले. त्यांचं १९५८ चं पहाडी चित्रांवरचं पुस्तक वाचताना जाणवतं की हा माणूस चित्राची उलटतपासणी घेतोय. चेहऱ्याची ठेवण, झाडाचं पान, पागोट्याचा बांध, मागचा लेख, सगळे साक्षीदार एकेक करून पिंजऱ्यात उभे करायचे आणि मग बसोली शैली कुठं संपते, गुलेर शैली कुठं सुरू होते ते ठरवायचं. ते आणि मोतीचंद्र यांनी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, जी अभ्यासाची रीत घालून दिली ती देशभर मानली जाते. त्या म्युझियमच्या संग्रहाचा एक पायाच मुळी एका खासगी संग्राहकाचा आहे: शेठ पुरुषोत्तम विश्राम मावजी, ज्यांचा संग्रह १९१५ मध्ये म्युझियमनं घेतला. आणि पुण्याचे दिनकर केळकर! कवी अज्ञातवासी. अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, ज्या वस्तूंना कोणी कला म्हणत नव्हतं त्या त्यांनी गावोगाव हिंडून जमवल्या आणि १९७५ मध्ये सगळं महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. पहाडी चित्राला जो मान, तोच अडकित्त्याला मिळाला. मला एवढंच म्हणायचंय की आता तो मान छापील लक्ष्मीलाही मिळावा.

इथं एक अडचण आहे आणि ती खरी आहे. ड्यूररची चित्रं युरोपात वहीत, पेटीत, अंधारात जपून राहिली. लक्ष्मी भिंतीवर होती. तिला रोज हळदकुंकू लागलं, उदबत्तीचा धूर लागला, पावसाळ्यात ओल लागली. मागं साध्या लाकडाची फळी, तिच्यातलं आम्ल कागदात उतरून कागद तपकिरी झाला, कसरीनं कडा खाल्ल्या. आणि घर बदलायची वेळ आली तेव्हा तिला फेकता येईना. देवाची तसबीर कचऱ्यात कोण टाकेल? मग ती पाण्यात विसर्जन झाली, किंवा एखाद्या पिंपळाच्या पारावर ठेवली गेली. आपल्या उपनगरातला कोणताही जुना पिंपळ पाहा, बुंध्याशी तसबिरी टेकवलेल्या दिसतील. काच फुटलेली, कागद पावसात भिजून फुगलेला. ठेवणाऱ्यानं ती आदरानंच ठेवलेली असते. ज्या श्रद्धेनं ही चित्रं शंभर वर्षं भिंतीवर टिकवली त्याच श्रद्धेनं ती पारावर नेली, म्हणून या प्रश्नाला कोणाला रागावून उत्तर मिळणार नाही.

गेल्या काही वर्षांत हा वेग फार वाढलाय. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत, तिकडं बोरिवली-अंधेरीत, जुनी इमारत उतरते आणि टॉवर चढतो. बिल्डरची मुदत असते, भाड्याच्या घरात जागा नसते, नव्या फ्लॅटमध्ये देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीतला कोनाडा. दोन फुटांची जुनी तसबीर तिथं बसत नाही. चाळीतून बिल्डिंगमध्ये येताना जी बरोबर आली होती ती बिल्डिंगमधून टॉवरमध्ये जाताना राहून जाते. कागद वाचवा, सगळी चित्रं जपून ठेवा, असं मी सांगणार नाही. ते व्हायचं नाही, आणि प्रत्येक घरानं म्युझियम व्हावं अशी अपेक्षाही बरोबर नाही. पण कागद जाण्याआधी त्याची नोंद राहू शकते, आणि ते काम ग्रंथालयाचं आहे.

ज्यांच्या स्मृतीनिमित्त आपण दरवर्षी इथं जमतो, त्या आपल्या ग्रंथपालांची आठवण मी मुद्दाम इथं काढतो. नवीन आलेलं पुस्तक, भेट आलेलं असलं तरी, ते पहिल्या पानापासून चाळत. कोणतं पान सुटलंय, पूर्वीच्या मालकाची सही कुठं आहे, कोणी पेन्सिलीनं काय लिहिलंय, हे दाखल रजिस्टरात शेऱ्याच्या रकान्यात उतरवत. ती रजिस्टरं मी पाहिली आहेत. भेट आलेल्या जुन्या पुस्तकांपुढचे शेरे वाचत गेलं की या उपनगरात कोण कोण राहायला आलं, कोणाच्या घरी कसली पुस्तकं होती, हे उलगडत जातं. त्या शेऱ्याच्या रकान्यात बार्च आहे, लुग्टही आहे. ग्रंथपालांनी त्या दोघांची नावं ऐकली होती की नाही याला महत्त्व नाही.

म्हणून मी कार्यकारिणीपुढं एक सूचना मांडली आणि ती मान्य झाली याचा मला मनापासून आनंद आहे. घरातल्या छापील तसबिरींची एक नोंदवही हे ग्रंथालय सुरू करतंय. चित्र ग्रंथालयाला द्यायचं नाही, ते तुमच्याकडंच राहील. नोंद मात्र पक्की हवी. चित्राचं माप समासासकट आणि समासाशिवाय, दोन्ही. खालची ओळ असेल तर अक्षर अन् अक्षर, स्पेलिंग चुकलेलं असलं तर चुकलेलंच, आपल्या मनानं दुरुस्त करायचं नाही. कागदावर उठाव आहे का, वॉर्निश आहे का, जर-टिकली आहे का. मग तसबीर पालथी करून पाठीमागं पाहायचं. तिथं फ्रेमवाल्याचं लेबल असतं, दुकानाचा पत्ता असतो, पुष्कळदा तारीख असते, आणि कधी घरातल्या कोणाच्या अक्षरात लग्नात मिळाली, अमुक घरातून आणली, असं लिहिलेलं असतं. तेही सगळं उतरवायचं. आणि शेवटी, ती कुठल्या गावातून, कोणत्या सालाच्या सुमारास मुंबईला आली. कोकणातून, घाटावरून, गोव्यातून, कच्छमधून. अशा दोन-तीनशे नोंदी जरी झाल्या तरी घाटकोपरचा शिक्का असलेली चित्रं कोणती, ती कुठवर पोचली होती, आणि गिरगावचं नाव असलेला एखादा कागद निघतो का, हे कळायला लागेल. मघाशी मी जो तर्क केला तो तिथं टिकेल किंवा पडेल. पडला तरी मला चालेल.

फ्रेम उघडताना काय काळजी घ्यायची हे मला आधीच तिघा-चौघांनी विचारलंय, म्हणून सांगतो. पावसाळ्यात उघडू नका, हवा कोरडी होईपर्यंत थांबा. टेबलावर जुनी स्वच्छ चादर घालून तसबीर पालथी ठेवा. मागचे खिळे पकडीनं सरळ वर ओढा, फळीच्या कडेला स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, फळीला कागद चिकटलेला असतो. फळी निघाली आणि आतून जुनं वर्तमानपत्र निघालं तर ते टाकू नका, त्याची तारीख लिहून घ्या; पुष्कळदा फ्रेम कधी झाली याचा तोच एक पुरावा असतो. काच आणि कागद चिकटलेले दिसले तर तिथंच थांबा, ओढू नका, ओलं फडकं तर मुळीच लावू नका. तसंच बंद करा, फोटो काढा आणि वहीत 'काचेला चिकटलेलं' असा शेरा लिहा. नोंदवही उद्या सकाळपासून देवघेवीच्या काउंटरवर असेल. आज काहीजण तसबिरी घेऊन आले आहेत असं दिसतं. भिंग मी बरोबर आणलंय, त्यांनी आभारप्रदर्शनानंतर डावीकडच्या टेबलापाशी यावं.